एकच नाव, तरी फाईली दोन

शेअर्ड फोल्डरमध्ये "शेतकऱ्यांची यादी" नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी दिसू शकतात, अक्षरन् अक्षर सेम, मग सर्व्हरने हे चालवून कसं घेतलं?

गोम त्या ऱ मध्ये आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडी कोड देणाऱ्या पद्धतीत, ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एकतर त्याचा स्वतःचा एक कोड, नाहीतर साधा र आणि पाठोपाठ नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन कोड. स्क्रीनवर फरक शून्य. पण लिनक्स सर्व्हरवरची ईएक्सटी4 फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवणारी व्यवस्था, नावं ताडताना सहसा नुसते बाईट जुळवते, बाईट वेगळे म्हणजे फाईल वेगळी, विषय संपला. मॅकची जुनी एचएफएस प्लस तर नाव सेव्ह करतानाच ऱ फोडून ठेवायची, त्यामुळे तिथली फाईल एनएफएसवरून (नेटवर्कवर फाईली शेअर करायची एक पद्धत) सर्व्हरवर टाकली की फोडलेलंच नाव जाऊ शकतं, आणि इकडे विंडोजवाल्याने एसएमबीवरून (विंडोजची तशीच पद्धत) अख्ख्या ऱ ची फाईल बनवली की झाल्या दोन. मला हा सगळ्यात वाईट प्रकार वाटतो, कारण डोळ्यांना काही कळतच नाही आणि दोन माणसं दोन वेगळ्या याद्यांत बदल करत बसतात.

कॅपिटल-स्मॉलचं भांडण त्यामानाने जुनं आणि माहितीतलं. नावात फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असेल तर लिनक्सला ती दोन नावं, विंडोजला एकच. मधे असतो सांबा, अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात लिहायला घेतलेला प्रोग्राम, ज्याच्यामुळे लिनक्स सर्व्हर विंडोजशी एसएमबीत बोलतो. मागितलेलं नाव जसंच्या तसं नाही सापडलं तर तो अख्खं फोल्डर चाळून कॅपिटल-स्मॉल सोडून जुळणारं शोधतो, म्हणून हजारो फाईलींच्या फोल्डरमध्ये काम रेंगाळतं. नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह असेल, जे विंडोजला चालत नाही, तर सांबा त्याचं ~ वालं छोटं नाव करून दाखवतो, आणि मग आपली फाईल आपल्यालाच ओळखू येत नाही.

लांबीचा फटका मराठीला जास्त बसतो. ईएक्सटी4 मध्ये नावाला 255 बाईट, देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाईट खातं, काना-मात्रा-हलंत सगळं धरून, म्हणजे 85 चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएस फाईल सिस्टीमवर तेच 255 चिन्हांपर्यंत चालतं, त्यामुळे तिथलं लांबलचक नाव सर्व्हरवर कॉपीच होत नाही.

फुटलेले ऱ जोडायला लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचं टूल आहे, ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं, खरं बदलायला वेगळं सांगावं लागतं, आणि बदलांची ती यादी नीट वाचूनच पुढे जा.