एसपी का एसपीपी? एका ‘पी’नं काय बदलतं

कोल्हापुरात एसपी म्हटलं की पोलीस अधीक्षक, दुसरं काय डोक्यात येत नाही. पण किडींवरचा एखादा लेख उघडा, शास्त्रीय नावापुढं बारीक अक्षरात कुठं एसपी असतं कुठं एसपीपी, आणि बहुतेक जण छपाईची चूक समजून पुढं जातात.

दोन्ही ‘स्पीशीज’चीच, म्हणजे जीवाच्या एका जातीला जो इंग्रजी शब्द आहे त्याचीच, छोटी रूपं. आता हा शब्द एकवचनात पण स्पीशीज आणि अनेकवचनात पण स्पीशीजच (एकाला ‘स्पीशी’ म्हणू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ नाणी होतो!), मग छोटं लिहिताना एक का अनेक कळणार कसं? तर पानांच्या नंबरासाठी एका पानाला पी आणि जास्त पानांना पीपी लिहितात ना, तीच लॅटिनची जुनी पद्धत, अक्षर डबल करायचं.

म्हणजे ‘होलोट्रिकिया एसपी’ लिहिलं की समजायचं, किडा एकाच स्पीशीजचा आहे, जीनस (जवळच्या स्पीशीजचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) ओळखलाय पण पुढचं नाव अजून पक्कं नाही. ‘होलोट्रिकिया एसपीपी’ म्हणजे त्या जीनसमधल्या एकापेक्षा जास्त स्पीशीज. त्यामुळं एकाच भुंगेऱ्याचा फोटो टाकून खाली एसपीपी लिहिणं चूकच, आणि हे मी लय ठिकाणी बघितलंय.

आता होलोट्रिकियाच का घेतलं, तर ही आपली उसातली हुमणी. पण शिवारात मुळ्या खाणारी पांढरी अळी दिसली की सगळीच हुमणी, आणि खरी गोची इथंच आहे. होलोट्रिकिया सेर्राटाचे भुंगेरे (अळीचेच पुढं होणारे मोठे किडे) वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतनं निघून कडुलिंब-बाभळीवर बसतात, म्हणून तर फांद्या हलवून, खाली पडलेले गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका असं सांगतात. नदीकाठच्या रानात मात्र ल्युकोफोलिस लेपिडोफोरा पण सापडते, ती पण हुमणीच, पण जीनसच वेगळा, म्हणजे ‘होलोट्रिकिया एसपीपी’ एवढंच लिहिलं असेल तर ती त्यात धरलेलीच नाही, मागं कितीही पी लावा!

लिहिताना जीनसचं नाव तिरक्या अक्षरात, एसपी-एसपीपी मात्र सरळ. आणि एसएसपी दिसलं तर ते तिसरंच, ती सबस्पीशीज, म्हणजे एकाच स्पीशीजमधला पोटभेद.