रंग गेला, चवही गेली

मार्चच्या सुरुवातीला, नागपूरच्या बाजारात मृग बहाराची संत्री असताना, मी घरी लिंबाच्या सरबताचे दोन जग केले आणि त्यांपैकी एकात खाण्याच्या केशरी रंगाचे चार थेंब टाकले. लिंबू, साखर, मीठ आणि पाणी दोन्हींत सारखेच होते. काटोलला संत्र्याच्या बागेत लहानपण गेलेल्या माझ्या आत्याने केशरी सरबताचा घोट तोंडात घोळवला आणि ती म्हणाली, "मृगाचं संत्रं इतकं आंबट नसतं. हे कच्चंच तोडलेलं दिसतं."

आत्याची जीभ चुकली नव्हती. आंबटपणा तिने अचूक ओळखला होता. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसरसासारखी रुचकर) या मूळ चवी जिभेला कळतात, पण फळ कोणते हे मुख्यतः नाक सांगते, कारण घोट गिळताना गंधाचे रेणू घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतात. मात्र त्याआधीच डोळ्यांनी मेंदूला संत्र्याची वर्दी दिलेली असते, आणि मेंदू नाकाचा निरोप त्या अपेक्षेशी जुळवून घेतो. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला असता त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले; २००१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही आवर्जून सांगितला जातो.

शीतपेयांच्या इतिहासात हेच कोडे फार मोठ्या प्रमाणावर उलगडले. पेप्सीने १९९२ मध्ये अमेरिकेतील निवडक शहरांत आणि १९९३ मध्ये देशभर 'क्रिस्टल पेप्सी' हा पाण्यासारखा पारदर्शक, कॅफीनविरहित कोला आणला. पारदर्शक म्हणजे शुद्ध, अशी त्या काळी ग्राहकांची भावना होती, आणि केवळ कुतूहलापोटी लोकांनी पहिली बाटली उत्साहाने उचलली. दुसरी बाटली घेणारे मात्र भराभर कमी झाले आणि वर्षभरातच पेय बाजारातून जाऊ लागले.

कोलाची चव लिंबू-संत्र्याच्या सालींतील तेले, दालचिनी, जायफळ, व्हॅनिला अशा अनेक गंधांच्या मिश्रणातून येते, आणि त्यांतला एकही वेगळा उठून दिसत नाही. या गर्दीला 'कोला' हे एक नाव मिळवून देण्यात तपकिरी रंगाचा वाटा मोठा असावा, असे मला ठामपणे वाटते. तो रंग कॅरॅमलचा असतो आणि तेलाचे थेंब पाण्यात पसरलेले ठेवण्यासही मदत करतो, म्हणजे तो काढणे हा केवळ दिसण्याचा बदल नसतो. समोर लिंबू-सोड्यासारखे काही दिसत असताना तोंडात कोला आला, की मेंदूची अपेक्षा आणि अनुभव जुळत नाहीत. क्रिस्टल पेप्सीमागची कल्पना पेप्सीचे अधिकारी डेव्हिड नोव्हाक यांची होती. याची चव पुरेशी पेप्सीसारखी लागत नाही, असे बाटल्या भरणाऱ्या व्यावसायिकांनी त्यांना आधीच बजावले होते. त्यांचे ऐकायला हवे होते, हे नोव्हाक यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. २०१६ मध्ये हे पेय अमेरिकेत परतले, पण जुन्या आठवणींच्या बळावर आणि काही आठवड्यांपुरतेच.

आत्याला मी शेवटी डोळे मिटून तोच केशरी पेला पुन्हा प्यायला दिला. घोट पुरता गिळायच्या आत ती म्हणाली, "अगं, हे तर लिंबू आहे." मग तिने डोळे उघडले, पेल्याकडे पाहिले, आणखी एक घोट घेतला आणि पुन्हा विचारात पडली.