चिकटवहीपासून पीपीटीपर्यंत: शाळेच्या प्रकल्पातली चित्रं

नाशिकच्या शाळेतल्या मुलांनी ‘पांडवलेणी’ किंवा ‘नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी’ यावर केलेली पीपीटी पाहा. शेवटच्या स्लाइडवर ‘सौजन्य: गूगल’ हे शब्द बहुधा असतातच. शिक्षक वैतागतात आणि खापर मोबाइलवर फोडतात. पण चित्र कुणाचं हे न विचारण्याची सवय इंटरनेटच्या बरीच आधीची आहे.

प्रकल्प चिकटवहीत व्हायचे, तेव्हा चित्रं मिळायची स्टेशनरीच्या दुकानात. रविवार कारंजा, मेन रोड या भागात तक्ते मिळत: राष्ट्रीय नेते, पाळीव प्राणी, वाहतुकीची साधनं. एका कागदावर चौकटी-चौकटींत चित्रं आणि खाली नाव. हवं ते कापायचं, मागे डिंक लावायचा, झालं. उरलेली भर पेपरची रविवार पुरवणी आणि जुनी कॅलेंडरं घालत. चित्रकाराची सही असलीच तर कोपऱ्यात, आणि कात्रीखाली पहिला तोच कोपरा जायचा. त्यातल्या त्यात अब्रूदार होती ती पोस्टाची तिकिटं. 1920च्या दशकापासून ती नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात. त्यांच्यावर देश, किंमत आणि अनेकदा वर्षही असतं. चिकटवहीतलं दुसरं कुठलंच चित्र स्वतःबद्दल एवढं सांगत नव्हतं.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. 1987 चा जिफ आणि 1992 चा जेपेग या फाइलप्रकारांमुळे चित्रं फोनच्या तारेवरून येण्याइतकी आटोपशीर झाली होती. तरी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, 1.44 एमबीच्या फ्लॉपीत मावतील एवढीच चित्रं घरी यायची. शिवाय चित्र थेट शोधण्याची सोय फारशी नव्हती. आधी पान शोधा, मग त्यात चित्र आहे का ते बघा.

गूगलवर ही सोय आली त्यामागे एक झगा आहे. 2000 च्या ग्रॅमी संगीत पुरस्कार सोहळ्यात गायिका-अभिनेत्री जेनिफर लोपेझ हिरव्या रंगाच्या झग्यात आली आणि जगभरचे लोक तो शोधू लागले. गूगल त्यांना नुसत्या दुव्यांची यादी देत होतं. जुलै 2001 मध्ये गूगलचा चित्रशोध सुरू झाला, तेव्हा त्यात सुमारे 25 कोटी चित्रं होती. त्या काळी यंत्राला चित्रातलं काही कळत नसे. फाइलचं नाव आणि आसपासचा मजकूर वाचून ते अंदाज बांधायचं. मग पांडवलेण्यांच्या शोधात पचमढीच्या पांडव गुंफा आल्या तर नवल काय! अशी सरमिसळ आजही होते, आणि मुलं ती तशीच स्लाइडवर चढवतात.

शोधणं सोपं झालं, जतन करणं मात्र अर्धवटच राहिलं. शोधाच्या पानावर दिसतं ते लघुचित्र. ते सेव्ह केलं की संगणकावर ठीक वाटतं, पण प्रोजेक्टरवर शिलालेखाच्या ओळींचे नुसते ठोकळे दिसतात. दुसरा जुना घोळ म्हणजे चित्राऐवजी त्याचा दुवाच स्लाइडमध्ये जाणं. घरी सगळं दिसायचं आणि नेट नसलेल्या शाळेच्या लॅबमध्ये चित्राच्या जागी लाल फुली. फेब्रुवारी 2018 मध्ये गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारानंतर गूगलने मूळ चित्र थेट उघडणारं बटण काढून टाकलं; मूळ पानावर जाणं भाग पडलं. मुलांनी कुरकुर केली असेल, मला तो बदल रास्त वाटतो. व्हॉट्सॲपने मात्र उरलंसुरलं पुसलं. तिथून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि फाइलच्या नावात तारीख व क्रमांकापलीकडे काही उरत नाही.

याच काळात दुसरी वाटही तयार होत होती. आपलं काम इतरांना काही अटींवर मोफत वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने डिसेंबर 2002 मध्ये आले, आणि मोफत वापरता येणाऱ्या चित्रांचा ऑनलाइन संग्रह असलेलं विकिमीडिया कॉमन्स सप्टेंबर 2004 मध्ये. तिथे प्रत्येक चित्राच्या पानावर छायाचित्रकार, तारीख आणि परवाना लिहिलेला असतो, मोठ्या आकाराची फाइलही मिळते. हे पान बघायला फार तर मिनिटभर लागतं, पण शाळेत ते दाखवतं कोण?

कायदा विद्यार्थ्यांच्या बाजूने बराच उदार आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 शिकण्या-शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला मुभा देतं. छायाचित्राचा हक्क पूर्वी प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकायचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. चित्रपटाचा हक्क मात्र प्रसिद्धीनंतर 60 वर्षंच टिकतो. नाशिकलाच वारलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा, त्यामुळे त्यातली दृश्यं कुणीही बिनधास्त वापरावीत. कोरोनाच्या काळात मात्र प्रकल्प वर्गाबाहेर पडून यूट्यूबवर गेले. वर्गातली मुभा तिथेही लागू होते असं गृहीत धरून चालणं धोक्याचं.

म्हणून स्थानिक विषयाला मुलांनीच काढलेले फोटो उत्तम. लेणी घरच्या फोनमध्ये झकास येतात. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी मात्र ठिपक्याएवढे दिसतात, त्यांच्यासाठी कॉमन्स गाठावंच लागतं.