कोकणातले झरे, कोयनेचे बोअर आणि भूऔष्णिक संशोधनाचा सरकारी पैसा

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेतून मिळणाऱ्या ऊर्जेचे पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि पुण्यातल्या ऊर्जेवरच्या गप्पांत कोकणातले गरम पाण्याचे झरे पुन्हा निघाले. अष्टविनायक करताना पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडात पाय बुडवून आलेल्याला विषय ओळखीचा वाटतो. पण इतकी वर्षे या संशोधनाचा सरकारी पैसा कुठे गेला आणि कुठे गेलाच नाही, हे पाहिल्याशिवाय धोरणातले बरेचसे कळत नाही.

जुना इतिहास पटकन आटोपतो. १८८२ साली देशातल्या सुमारे तीनशे झऱ्यांची यादी छापली गेली. १९६६ मध्ये केंद्राने झऱ्यांसाठी समिती नेमली. १९७३ मध्ये, म्हणजे तेलाचे भाव भडकले त्याच वर्षी, लडाखमधल्या पुगा खोऱ्यात पद्धतशीर शोध सुरू झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटरवर तीसहून अधिक बोअर मारले गेले. सर्वांत खोल बोअर ३८५ मीटरचा, आणि तरीही १४० अंशांपर्यंतचे तापमान मिळाले. हिमाचलात मणिकरणला साडेसात टनांचे शीतगृह आणि पाच किलोवॉटचा प्रायोगिक वीजसंच झाला. पाच किलोवॉट आज पुण्यात एका बंगल्याच्या गच्चीवरच्या सोलरमधून निघतात. त्यापुढे अनेक वर्षे विजेच्या बाबतीत सगळे थंडच होते.

कोकणाची पाळी सत्तरच्या दशकातच आली होती. पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंतच्या पट्ट्यात अठराएक ठिकाणी मिळून साठेक झरे आहेत: सातिवली, गणेशपुरी, अकलोली, उन्हेरे, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी. सर्वांत गरम उन्हवऱ्याचा, ७० अंशांच्या किंचित वर. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीच्या एका प्रकल्पात हा पट्टाही होता. बोअर मारले गेले, पण ते उथळच राहिले. पाण्याच्या रसायनावरून खालचे मूळ तापमान १२० अंशांच्या आसपास असावे असा अंदाज निघाला आणि काम तिथेच अडकले.

अडकले ते एका वादापाशी, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. कोकणाखाली खरोखर जास्त उष्णता आहे, की उष्णता नेहमीचीच असून फक्त पाणी खोलवर फिरून येते? ऐंशीच्या दशकातल्या उष्णताप्रवाहाच्या, म्हणजे खालून जमिनीवाटे वर येणाऱ्या उष्णतेच्या नकाशांत पश्चिम किनारा उष्ण पट्ट्यात दाखवला गेला. दर चौरस मीटरला ७५ ते १२९ मिलिवॉट असा आकडा लेखांमागून लेखांत फिरत राहिला. जगातल्या खंडांची सरासरी ६५च्या आसपास आहे. आकडा खरा असेल तर कोकण मोठीच जागा ठरते.

मोजमाप कसे होते ते इथे कळीचे आहे. बोअर मारला की लगेच थर्मामीटर सोडून चालत नाही, कारण खोदाईच्या पाण्याने आतले तापमान बिघडलेले असते. काही आठवडे, कधी महिने थांबावे लागते. मग थोड्या थोड्या अंतरावर तापमान घेऊन ते खोलीबरोबर किती वेगाने वाढते हे काढतात, वर काढलेल्या दगडाच्या कांड्या प्रयोगशाळेत नेऊन त्यांची उष्णतावाहकता काढतात आणि दोन्हींचा गुणाकार करतात. झऱ्याच्या काठावरच्या उथळ बोअरमध्ये हे केले तर वर येणारे गरम पाणी आकडा फुगवते. खालच्या खडकाची उष्णता त्यातून कळत नाही.

खोल, कोरड्या, निवांत बोअरमधले आकडे महाराष्ट्राला मिळाले ते मात्र ऊर्जेच्या पैशातून नव्हेत. ते भूकंपाच्या पैशातून आले. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटरचा बोअर झाला. कोयनेला गेल्या दशकात दीड किलोमीटरचे अनेक बोअर झाले आणि २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटरचा पथदर्शी बोअर पुरा झाला. तिथे काळा कातळ साधारण सव्वा किलोमीटर खोल गेला आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. हेतू एकच, धरणाजवळचे भूकंप समजून घेणे. पण उष्णताप्रवाहही मोजला गेला. किल्लारी काय, कोयना काय, आकडा चाळीसच्या आसपास आला, खंडांच्या सरासरीपेक्षा कमीच. कोयना म्हणजे तुरळ-आरवलीच्या वरचा घाटमाथा, काही फार लांब नाही.

कोकणाची बाजू घेणारे म्हणतात की घाटाखालचे कवच वेगळे आहे, माथ्यावरचा आकडा किनाऱ्याला लावू नका. यात तथ्य असू शकते. पण मग घाटाखाली तसा एक खोल बोअर मारून बघायला हवा होता, आणि तेवढ्यासाठी ऊर्जा खात्याकडून पैसा सुटला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली काटकसर हीच.

दुसरा युक्तिवाद अलास्काचा. तिथे चेना या ठिकाणी २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते, मग उन्हवऱ्याला का नको? कारण गरम आणि थंड पाण्यातला फरक जितका मोठा, तितकी उष्णतेतून वीज जास्त निघते, आणि चेनाला संच थंड करायला चार-पाच अंशांचे पाणी मिळते. कोकणात खाडीचे पाणी २८ अंशांचे. चेनाला सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता २० टक्के येते, उन्हवऱ्याला १३, आणि प्रत्यक्षात हाती त्याच्या निम्मीही लागणे कठीण.

आकड्यांचा घोळ दिल्लीतही झाला. देशाची क्षमता १०,६०० मेगावॉट हे वाक्य प्रत्येक बातमीत असते, पण त्यातले किती खरोखर काढता येईल, हे त्याच्याशेजारी सहसा छापत नाहीत. २०१६ च्या धोरण-मसुद्यात २०२२ पर्यंत १,००० मेगावॉट उष्णता आणि २० मेगावॉट वीज असे लक्ष्य होते. बातम्यांत हजारच उरले. ना हजार आले, ना वीस.

अलीकडच्या घडामोडी लवकर घडत आहेत. २०२१ मध्ये पुग्यात एका सार्वजनिक तेल कंपनीने एक मेगावॉटच्या पथदर्शी प्रकल्पाचा करार केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खोदाई चालू असताना गरम द्रव नाल्यात गेला आणि काम थांबवावे लागले. तेलंगणात मणुगुरूला कोळसा शोधताना लागलेल्या गरम पाण्यावर २० किलोवॉटचा संच बसला, तोही कोळसा खात्याच्या संशोधन निधीतून.

२०२५ च्या धोरणाने विजेचा हट्ट सोडून शीतगृहे, हरितगृहे, वाळवणी, जमिनीतल्या स्थिर तापमानावर चालणारे उष्मापंप, टाकून दिलेल्या तेलविहिरी असे सगळे कक्षेत घेतले. जमिनीवरच्या तेलविहिरींचा कोकणाला उपयोग नाही. वाळवणीचा आहे: मासळी, आमसुले, काजू यांना ५० ते ६० अंश पुरतात आणि तेवढी उष्णता काही झरे आजच देतात. अडचण निराळी आहे. न्यूझीलंडमध्ये वैराकेईला १९५८ मध्ये वीज सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत शेजारची गीझरची दरी आटली. वज्रेश्वरी-गणेशपुरीतली लॉज, दुकाने आणि पूजेची ताटे कुंडांवर चालतात. शेजारी बोअर मारायची परवानगी मागायला जाणाऱ्याला आधी त्यांना उत्तर द्यावे लागेल.