पिरेनीजची अस्वलं आणि आरिएजचा जुना राग

फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतात 1995 च्या सुमारास जेमतेम पाच-सहा तपकिरी अस्वलं उरली होती. आज ती शंभराच्या आसपास आहेत. तरी फ्रान्सच्या आरिएज जिल्ह्यात अस्वलाचं नाव काढलं की मेंढपाळांचा पारा चढतो. या रागाचं मूळ अस्वलांच्याही आधीचं आहे.

1827 मध्ये पॅरिसच्या सरकारनं नवा वन कायदा केला. जंगलात गुरं चारायचे, लाकूडफाटा आणायचे गावांचे पिढीजात हक्क त्यानं आवळले. त्यावर 1829 ते 1832 या काळात आरिएजचे शेतकरी बायकांसारखे लांब पांढरे सदरे घालून, तोंडं रंगवून वनरक्षकांवर आणि कोळसेवाल्यांवर चालून गेले. हा उठाव ‘पोरींची लढाई’ म्हणून ओळखला जातो. डोंगराचं काय करायचं हे पॅरिसनं ठरवायचं नाही, हा सूर तेव्हापासूनचा.

त्याच शतकात इथल्या एर्से आणि उस्तू भागातले लोक अस्वलाची पिलं पकडून नाचवायला शिकवत. आपल्याकडच्या दरवेशांसारखेच ते गावोगाव फिरत; काही तर थेट अमेरिकेला पोचले. पोटापाण्यासाठी माणसं डोंगर सोडतच होती. 1846 च्या सुमारास अडीच लाखांवर असलेली जिल्ह्याची वस्ती आता दीड लाखाच्या आसपास आहे.

माणसं घटली, शिकारीमुळे अस्वलंही घटली, आणि मेंढ्या राखायची रीत बदलली. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पश्चिमेकडच्या बेआर्नमध्ये चीजसाठी मेंढ्यांचं दूध काढावं लागतं, त्यामुळे मेंढपाळ उन्हाळाभर कळपाजवळच असतो. आरिएजमध्ये मेंढ्या मांसासाठी पाळतात. तिथले कळप उंचावरच्या कुरणांत मोकळे सोडायची सवय पडली. रात्रीचा वाडा नाही, राखणीचे मोठे पांढरे ‘पातू’ कुत्रेही फारसे उरले नाहीत.

अशात 1996-97 मध्ये स्लोव्हेनियातून झीवा, मेल्बा आणि पीरोस ही तीन अस्वलं आणून सोडली. मेल्बा 1997 मध्येच एका शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. 2004 मध्ये आस्प खोऱ्यात कानेल ही मूळ पिरेनी वंशाची शेवटची मादीही शिकाऱ्यानं मारली. देशभर हळहळ झाली, आणि 2006 मध्ये स्लोव्हेनियातून आणखी पाच आणली. जुलै 2017 मध्ये अस्वलाला भिऊन दोनशेहून जास्त मेंढ्या कड्यावरून कोसळल्या. सरकार भरपाई देतं, कुत्र्यांना आणि राखणदारांना अनुदानही देतं. पण मोडलेली रीत नुसत्या अनुदानानं परत बसत नाही.

आता नवाच पेच आहे. आजची बहुतेक अस्वलं एकट्या पीरोसच्या वंशातली. जवळच्या नात्यातला संकर टाळायचा तर बाहेरून नवी अस्वलं आणायला हवीत, असं संशोधक सांगतात. आरिएजचे मेंढपाळ मात्र आहेत तीच कमी करा म्हणतात.