गोळीची लांबी आणि नळीतला पेच

नेमबाजीच्या कागदावर गोळीचे भोक गोल पडले पाहिजे. कधीकधी मात्र तिथे लांबट चीर दिसते, म्हणजे गोळी टोकाने न शिरता आडवी होऊन कागदातून गेलेली असते. अमेरिकेत स्वतःची काडतुसे स्वतः भरणाऱ्या हौशी नेमबाजांच्या वाट्याला हे दृश्य हमखास येते आणि दोष बहुधा काडतुसातल्या दारूला, म्हणजे पावडरीला दिला जातो. पावडर बदला, चिमूटभर वाढवा, वेग वाढला की गोळी सरळ जाईल, असा सल्ला मिळतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा सल्ला जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि भरणीची, म्हणजे काडतुसात घालायच्या पावडरीची मर्यादा ओलांडली तर धोकादायकही आहे.

आपण ज्या रायफलींविषयी बोलत आहोत त्या शेतीला उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांसाठी वापरल्या जातात. अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील प्रेअरी डॉग (हा खारीच्या कुळातला, जेमतेम एक किलोचा प्राणी आहे), पूर्वेकडचा वुडचक (बिळात राहणारा मोठा कुरतडणारा प्राणी) आणि कोयोटी (लांडग्याच्या कुळातला) ही त्यांची नेहमीची लक्ष्ये होत. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी हौशी शिकार होत नाही, त्यामुळे हा विषय तिकडचाच आहे. लक्ष्य लहान आणि अंतर दोन-तीनशे मीटरचे असल्याने 5.7 मिलिमीटर व्यासाची हलकी, अतिवेगवान गोळी वापरतात. 1930च्या सुमारास बाजारात आलेले .22 हॉर्नेट, 1935चे .220 स्विफ्ट, 1950चे .222 रेमिंग्टन ही या घराण्यातली नामांकित काडतुसे. स्विफ्टची 48 ग्रेनची, म्हणजे सुमारे 3.1 ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण 1250 मीटर वेगाने निघत असे. अशी पातळ आवरणाची गोळी जमिनीला लागताच बहुधा फुटते आणि उसळून दूरच्या वस्तीकडे जाण्याची शक्यता कमी होते, हाही तिचा मोठा गुण आहे.

काडतुसातल्या पुंगळी (धातूची नळकांडी), प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी या चार वस्तूंपैकी पावडरीवर सर्वाधिक चर्चा होते. माझ्या मते पहिला निर्णय गोळीचा असावा आणि त्यातही तिच्या वजनापेक्षा लांबीचा.

टोकदार गोळी हवेतून जाते तेव्हा हवेच्या दाबाचे एकत्रित बल तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, टोकाकडे लागते. गोळी जराशी कलली, की हे बल तिला आणखी कलवते, आणि फिरकी नसेल तर ती उलटते. म्हणून नळीच्या आत सर्पिल खाचा, म्हणजे पेच कोरलेले असतात. फिरणाऱ्या वस्तूला उलथवू पाहिले, तर ती त्या दिशेने पडत नाही. तिचा अक्ष काटकोनातल्या दिशेने सरकतो आणि हळूहळू शंकूच्या आकारात फिरू लागतो. याला परांचन म्हणतात. जोरात फिरणारा भोवरा कलूनही पडत नाही, तो याच कारणाने. भोवऱ्याला उलथवू पाहते ते गुरुत्व, गोळीला उलथवू पाहते ती हवा.

आता महत्त्वाची गोष्ट. फिरकीमुळे मिळणारे स्थैर्य तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवेचे उलथवणारे बलही गोळीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पेच ठरलेला असल्यामुळे गोळीचा वेग दुप्पट केला की फिरकीही दुप्पट होते, आणि दोन्ही वर्ग एकमेकांना जवळजवळ निष्प्रभ करतात. दारू वाढवून आडवी जाणारी गोळी सरळ होत नाही, ती यामुळे. लांबीचे तसे नाही. गोळी लांब झाली, की उलथवणाऱ्या बलाला लांब तरफ मिळते, शिवाय लांबीला आडव्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण (फिरवण्याला होणारा विरोध) झपाट्याने वाढते, आणि या दोन्ही गोष्टी स्थैर्याच्या विरोधात जातात.

इंग्लंडमधील वुलिच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये याचे सोपे सूत्र दिले. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या पटीत काढायची आणि 150ला त्या संख्येने भागायचे. जितके उत्तर येईल तितक्या व्यासांच्या अंतरात गोळीचा एक फेरा पूर्ण व्हायला हवा. आधुनिक वेगांसाठी 150ऐवजी 180 घेतात. 17 मिलिमीटर लांबीची गोळी 5.7 मिलिमीटर व्यासाच्या साधारण तिप्पट लांब असते. 180 भागिले 3 म्हणजे 60 व्यास, म्हणजे 342 मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा इंच. जुन्या .222 रायफलींचा पेच 14 इंचांत एक फेरा देणारा का होता, हे यावरून कळते. 25 मिलिमीटर लांबीच्या लक्ष्यवेधी गोळीला मात्र नऊ इंचांचा पेच लागतो, आणि तीच गोळी जुन्या नळीतून सोडली की कागदावर चीर पडते.

हवेची घनताही या हिशेबात येते. अमेरिकी लष्कराच्या एम-16 रायफलीचा पेच सुरुवातीला 14 इंचांचा होता आणि तिची 55 ग्रेनची गोळी स्थैर्याच्या सीमारेषेवर होती. कडाक्याच्या थंडीत हवा दाट झाल्यावर गोळी डळमळू लागली, म्हणून 1960च्या दशकात पेच 12 इंचांचा करण्यात आला.

मग सर्वांत वेगवान, म्हणजे कमीत कमी इंचांत फेरा देणारा पेच घेऊन प्रश्न कायमचा मिटवावा काय? 7 इंचांच्या पेचातून सेकंदाला 1000 मीटर वेगाने निघालेली गोळी मिनिटाला सुमारे 3,37,000 फेरे घेते. तिच्या पृष्ठभागावरील कणाला वर्तुळात धरून ठेवायला गुरुत्वाच्या साडेतीन लाख पट त्वरण लागते. 14 इंचांच्या पेचात ते याच्या एक चतुर्थांश असते. पातळ आवरणाची गोळी अशा ताणाने हवेतच फुटू शकते. शिवाय गोळीच्या घडणीत वस्तुमान किंचित एका बाजूला असले, तर जास्त फिरकीने त्या असमतोलाचा परिणाम वाढतो.

गोळी ठरल्यावर पावडर निवडावी, उत्पादकाच्या छापील पुस्तकातील किमान भरणीपासून सुरुवात करावी आणि कमाल आकडा ओलांडू नये. इथे एक अंधश्रद्धा फार बोकाळलेली आहे. तीन गोळ्यांचा एक पुंजका जवळजवळ पडला, की तेवढ्यावरून ती भरणी ‘रायफलीला आवडली’ असे जाहीर होते. वास्तविक एकाच भरणीच्या तीन-तीन गोळ्यांचे पुंजके केवळ योगायोगाने सरासरीपेक्षा एक तृतीयांशाने लहानमोठे होणे अगदी सामान्य आहे. दोन भरण्यांची तुलना करायची, तर प्रत्येकीच्या वीस-तीस गोळ्या तरी झाडाव्यात आणि एकूण विखुरणे मोजावे.

शिसेमुक्त गोळ्यांमुळे लांबीचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. मेलेल्या प्राण्यातले शिशाचे कण गिधाडे आणि गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली, आणि मला ती योग्य वाटते. पण तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. 20 मिलिमीटर लांबीच्या अशा गोळीला, ग्रीनहिलच्या सूत्रात घनतेची दुरुस्ती केल्यावर, सुमारे साडेदहा इंचांचा पेच लागतो. 14 इंची पेचाची जुनी रायफल बाळगणाऱ्याने म्हणून 50-55 ग्रेनचा हट्ट सोडून 35 ते 40 ग्रेनच्या आखूड तांब्याच्या गोळ्या घ्याव्यात, आणि डब्यावर छापलेला किमान पेचाचा आकडा वजनाच्या आधी वाचावा.