परळचे केईएम : एका अटीतून उभे राहिलेले रुग्णालय

परळच्या केईएम रुग्णालयाला २०२६ च्या जानेवारीत शंभर वर्षे झाली. या रुग्णालयाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात एका अटीपासून करावी लागते. नाव किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजे १९१० मध्ये वारलेल्या सातव्या एडवर्ड राजाचे स्मारक. पण याच रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी ज्यांनी पैसा दिला, त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : इथे शिकवणारे आणि उपचार करणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. (पुण्याच्या रास्ता पेठेतले केईएम वेगळे. नाव त्याच राजाचे, पण ती विश्वस्त संस्था आहे आणि तिचा या इतिहासाशी संबंध नाही.)

अशी अट घालावीशी का वाटली, हे समजायला भायखळ्याला जावे लागते. तिथे जे. जे. रुग्णालयाशेजारी १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. डॉ. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे केईएमच्या आधी पाऊणशे वर्षे मुंबईची मुले डॉक्टर होत होती आणि चांगले डॉक्टर होत होती. अडत होते पुढे. प्राध्यापकाच्या आणि विभागप्रमुखाच्या जागा जवळजवळ सगळ्या इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी सेवेतल्या अधिकाऱ्यांकडे जात. त्या सेवेची परीक्षा लंडनला. विलायतेची मोठी पदवी घेऊन आलेल्या भारतीय डॉक्टरलाही सरकारी रुग्णालयात बहुधा दुय्यम जागेवर समाधान मानावे लागे. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. डॉक्टरच्या हाताखाली वॉर्ड नसेल तर त्याला विद्यार्थी घडवता येत नाहीत, नवे करून पाहता येत नाही आणि आजार शेवटपर्यंत पाहण्याची संधीही मिळत नाही. काँग्रेसच्या अधिवेशनांतून या मक्तेदारीविरुद्ध ठराव होत राहिले. १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. तेच पुढे टोपीवाला कॉलेज आणि नायर रुग्णालय झाले.

त्याच दशकात सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी महापालिकेला देणगी दिली आणि तिच्याबरोबर ती अट. महापालिकेने दोन्ही स्वीकारले. १९२५ मध्ये सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झाले, १९२६ मध्ये रुग्णालय. आजही तिथले लोक कॉलेजला नुसते ‘जीएस’ म्हणतात. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता. अमरेलीचा हा मुलगा ग्रँटमधून शिकून लंडनला गेला आणि परत आल्यावर गांधीजींच्या निकटच्या डॉक्टरांपैकी एक झाला. १९४२ पर्यंत त्यांनी केईएम सांभाळले आणि १९६० मध्ये ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. सतरा वर्षे एकच माणूस प्रमुख, तोही राष्ट्रीय चळवळीतला. संस्थेला वळण लागले ते या काळात, असे मला वाटते.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची. परळ म्हणजे गिरणगाव. आजूबाजूला गिरण्या आणि चाळी, एकेका खोलीत कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे. १८९६ च्या प्लेगने या वस्तीची काय दशा केली, ते शहर विसरले नव्हते. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्याच जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती. केईएमच्या पाठोपाठ वाडिया प्रसूतिगृह आणि वाडिया बाल रुग्णालय आले आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल. अर्ध्या तासाच्या पायपिटीत एवढी रुग्णालये असलेला भाग मुंबईत विरळाच. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले, पण केईएमच्या ओपीडीची रांग कमी झाली नाही. गिरणी कामगाराच्या जागी आता डिलिव्हरी करणारा मुलगा आणि बांधकामावरची बाई उभी असते.

त्या अटीतून काय निष्पन्न झाले, याची उत्तरे केईएमच्या इतिहासात ठिकठिकाणी आहेत. मला सर्वांत आवडते ते सर्पगंधेचे. ही वनस्पती आपल्या वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. रक्तदाबावर भरवशाचे औषध जगात कुठेच फारसे नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. १९५७ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या मातीतले औषध, आपले रुग्ण, आपल्याच महापालिकेचा वॉर्ड आणि त्यावरून जगाच्या वैद्यकाला मिळालेला धडा! पुढे डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी याच संस्थेत आयुर्वेदातल्या औषधांचा आधुनिक कसोट्यांवर अभ्यास केला.

दुसरी गोष्ट धाडसाची. डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत पहिले मानवी हृदयरोपण केले ते डिसेंबर १९६७ मध्ये. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएममध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांच्या चमूने भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची औषधे तेव्हा अपुरी होती, आणि मेंदूमृत्यूला, म्हणजे हृदय चालू असताना मेंदू कायमचा बंद पडण्याला, कायद्याची मान्यता तर १९९४ मध्ये मिळाली. पालिकेच्या रुग्णालयात हा प्रयत्न झाला, हीच मुळात मोठी गोष्ट. त्यानंतर केईएममध्ये पुन्हा हृदयरोपण व्हायला २०२४ चा जुलै उजाडला. छप्पन्न वर्षांचे हे अंतर फार मोठे आहे. मधल्या काळात ही शस्त्रक्रिया महागड्या खासगी रुग्णालयांत स्थिरावली आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर गेली.

६ ऑगस्ट १९८६ ही तारीख मात्र आनंदाची. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या एकत्रित प्रयत्नांतून केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच हे साधले होते, पण त्यांना हयातीत मान्यता मिळाली नाही, याचीही आठवण इथे ठेवायला हवी.

केईएमच्या डॉक्टरांची नावे घेतली जातात, परिचारिकांची फारशी नाहीत. अपवाद एक, आणि तो दुःखाचा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयातच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा सुरक्षिततेसाठी संप केला. त्यानंतर जवळपास बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, अरुणा केईएमच्याच वॉर्डात होत्या. त्यांना हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो हाणून पाडला. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते, अशा मुलींनीही त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा हे कर्मचारी तिच्या विरोधात उभे राहिले. मार्च २०११ च्या निकालाने याचिका फेटाळली, मात्र ठरावीक परिस्थितीत उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच मोकळी केली. न्यायालयाने अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या माणसांचा मानला. माझ्या मते या रुग्णालयाला मिळालेला याहून मोठा सन्मान नाही. आणि ज्या आवारात हे घडले, तिथल्या रात्रपाळीच्या सुरक्षेचा प्रश्न मात्र परिचारिका आणि निवासी डॉक्टर आजही मांडत आहेत.

आज इथे सुमारे १८०० खाटा आहेत आणि ओपीडीत वर्षाला लाखो रुग्ण येतात. किरकोळ पैशात केसपेपर निघतो. मग युनिट ठरते, तपासण्या होतात, गरज पडली तर भरती. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, यकृत, बालरोग, मानसोपचार असे जवळपास सगळे विभाग एका आवारात. खाट नसली तर रुग्णाला जमिनीवर गादी मिळते, परत पाठवत नाहीत. याला ‘फ्लोअर बेड’ म्हणतात. बाहेरून आलेल्याला ते दृश्य हादरवते आणि हादरवलेच पाहिजे, कारण तो शहराने वेळेवर न वाढवलेल्या खाटांचा हिशोब आहे. एमआरआयची तारीख महिन्यांनंतरची मिळते, बाहेरून आणायच्या औषधांची चिठ्ठी हाती येते. तिथे वॉर्डातले समाजसेवक ट्रस्टच्या मदतीची खटपट करतात.

जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतले आणि सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन पुलावरच्या चेंगराचेंगरीतले जखमी केईएमच्या कॅज्युअल्टीत आणले गेले, तेव्हा रक्त देणाऱ्यांची रांग लागली होती. २०२० मध्ये कोव्हिशील्डच्या चाचण्या इथे झाल्या. त्याच महिन्यांत वॉर्डांत दिवसरात्र उभे होते ते निवासी डॉक्टर, परिचारिका, आयाबाया आणि वॉर्डबॉय. जीएसच्या बोधवाक्याचा अर्थ ‘स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी’ असा आहे.